सावलीतील फुलांचा जमाखर्च

महानगरांतील सदनिकांमध्ये राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची बाग म्हणजे बाल्कनीतील आठ-दहा कुंड्या. समोर दुसरी इमारत उभी असेल, तर या बागेत ऊन सकाळी तासभर डोकावून जाते किंवा मुळीच येत नाही. अशा जागेसाठी रोपवाटिकेतून ‘सावलीत येणारी’ म्हणून झाडे आणली जातात. पहिले काही आठवडे ती फुललेली असतात. मग फुले सुकतात, पाने मात्र वाढत राहतात आणि वर्ष उलटले तरी कळी धरत नाही. कोणी खत वाढवते, कोणी पाणी वाढवते, कोणी कुंडी बदलते. अखेरीस ‘आपल्या हाताला गुण नाही’ असा निष्कर्ष काढून कुंडी जिन्याखाली ठेवली जाते किंवा बदलीच्या गावी जाताना शेजाऱ्यांना देऊन टाकली जाते. तीच कुंडी शेजाऱ्यांच्या घरी पुढच्या हंगामात फुलली, की हातगुणावरचा विश्वास अधिकच दृढ होतो.

वस्तुतः शेजाऱ्यांच्या घरी बहुधा खिडकी बदललेली असते. सावलीतील झाडाला फूल न येण्यामागे ठरावीक चार-पाच कारणे असतात आणि ती घरच्या घरी तपासता येतात. त्यासाठी झाडाचा जमाखर्च कसा चालतो, हे समजून घेणे मात्र आवश्यक आहे.

सावली म्हणजे अंधार नव्हे

प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’ या एककात मोजतात. निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. त्याच वेळी मोकळ्या आभाळाखाली, पण इमारतीच्या सावलीत, तो साधारण १०,००० ते २०,००० लक्स भरतो. घरात, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ, तो एक ते तीन हजारांपर्यंत उतरतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शे-दोनशे लक्सही उरत नाही. उघड्यावरील ऊन आणि खोलीतील कोपरा यांत असा सहज पाचशे पटींचा फरक पडतो.

हा फरक माणसाला जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुली प्रकाशाप्रमाणे लहानमोठी होते आणि दृष्टी थोड्या वेळात सरावते. ज्या कोपऱ्यात वर्तमानपत्र सुखाने वाचता येते, तो कोपरा झाडाच्या दृष्टीने काळोखाचा असू शकतो. म्हणून प्रकाशाचा अंदाज डोळ्यांवर सोपवू नये. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर सुमारे एक फूट उंच हात धरावा. सावलीच्या कडा स्पष्ट उमटल्या, तर प्रकाश भरपूर आहे. सावली दिसते, पण कडा पुसट आहेत, अशी स्थिती असेल, तर छायाप्रिय फुलझाडांना तो प्रकाश बहुधा पुरतो. सावली जेमतेम ओळखू येत असेल, तर तेथे पाने जगतील, पण फुलाची अपेक्षा ठेवू नये. मोबाइल फोनवरील प्रकाशमापक अॅपनेही स्थूल अंदाज मिळतो. त्यातील आकड्यापेक्षा घरातील दोन जागांमधील तुलना अधिक उपयोगी पडते.

‘छायाप्रिय’ हा शब्दही नीट समजून घेतला पाहिजे. ही झाडे मूळची अरण्यातील आहेत. घनदाट वर्षावनाच्या तळाशी वरच्या उन्हाचा अवघा एक ते दोन टक्के भाग पोहोचतो. परंतु आज घरोघरी दिसणारी बरीच छायाप्रिय फुलझाडे त्या तळाशी वाढत नाहीत. ती झाडांच्या फांद्यांवर, ओढ्याकाठी किंवा दगडांच्या कपारींत वाढतात. तेथे पानांमधून गाळून आलेला प्रकाश दिवसभर खेळत असतो. त्यांना दुपारचे प्रखर ऊन सोसत नाही. आभाळाचा उजेड मात्र त्यांना भरपूर लागतो. बंद पडद्यामागची सावली आणि आंब्याखालची सावली या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

झाडाचे उत्पन्न आणि शिल्लक

पान प्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करते, हे झाडाचे उत्पन्न. पान, खोड आणि मुळे श्वसनासाठी रात्रंदिवस साखर वापरतात, हा त्याचा नित्याचा खर्च. ज्या प्रकाशात उत्पन्न आणि खर्च समसमान होतात, त्यापेक्षा कमी प्रकाशात झाड साठ्यावर जगते आणि हळूहळू खंगते. छायाप्रिय झाडांनी आपला खर्च फार कमी ठेवलेला असतो. त्यांची पाने पातळ, रुंद आणि गडद हिरवी असतात व संथ गतीने वाढतात. उन्हातील झाड ज्या उजेडात उपाशी राहील, त्या उजेडात ती तग धरतात.

फूल हा मात्र मोठा खर्च आहे. पाकळ्या, सुगंध आणि मध यांपासून झाडाला अन्न परत मिळत नाही. म्हणून नित्याचा खर्च भागून शिल्लक पडल्यावरच झाड फुलोऱ्याला लागते. उत्पन्न थोडे वाढले, की झाड प्रथम नवे पान काढते. ते आणखी वाढले, तरच कळी. यावरून घरातील कुंडीचे वर्तन उलगडते. हिरवीगार पाने ही झाड जगत असल्याची खूण असते. पाने आहेत, म्हणजे फुलण्याइतका प्रकाशही आहे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते.

या दृष्टीने पाहता कोणतेही खत प्रकाशाची उणीव भरून काढू शकत नाही. खतातून झाडाला खनिजे मिळतात. साखर त्याला स्वतःच तयार करावी लागते.

खिडकीची दिशा आणि गावाचे अक्षांश

कुंडी कोठे ठेवावी, याचे उत्तर घराच्या दिशेप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलते. पूर्वेची बाल्कनी छायाप्रिय फुलांना सर्वांत मानवते. सकाळचे दीड-दोन तासांचे कोवळे ऊन आणि पुढे दिवसभर आभाळाचा उजेड, ही त्यांची आवडती दिनचर्या होय. पश्चिमेचे ऊन तितकेच वेळ मिळाले, तरी तापलेल्या हवेत येते आणि पाने भाजते. तेथे पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी लावणे हितावह.

दक्षिणेच्या बाल्कनीत ऋतूप्रमाणे मोठा फरक पडतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन थेट खोलीत शिरते. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर आला, की तेच ऊन कठड्यापाशीच थांबते. म्हणून दिवाळीनंतर कुंड्या थोड्या आत घ्याव्यात आणि मार्चनंतर बाहेर सरकवाव्यात.

उत्तरेच्या बाल्कनीची अवस्था सर्वत्र सारखी नसते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. बंगळुरूत हा काळ एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने असतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे मध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेस जात नाही. तथापि उन्हाळ्यात तो ईशान्येकडून उगवून वायव्येकडे मावळत असल्याने तेथील उत्तर बाल्कनीलाही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन मिळते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मात्र उत्तरेची बाल्कनी सगळीकडेच उन्हावाचून असते. या महिन्यांत तेथील झाडाकडून फुलांची अपेक्षा करू नये आणि पाणीही कमी घालावे.

दिशा बदलता येत नसली, तरी उत्पन्न वाढवण्याचे लहान उपाय आहेत. बाल्कनीची भिंत पांढरी रंगवावी. डासांची जाळी आणि काचा स्वच्छ ठेवाव्यात, कारण त्यांवरील धूळ बराच प्रकाश अडवते. रुंद आणि गुळगुळीत पाने दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावीत. कुंडी जमिनीवरून उचलून कठड्याच्या उंचीवर ठेवल्यानेही फरक पडतो. आत ठेवलेले झाड बाहेर आणताना एकदम उन्हात ठेवू नये. दोन आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने त्याला सरावू द्यावे.

फूल न येण्याची इतर कारणे

प्रकाश पुरेसा असूनही कळी धरत नसेल, तर पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात.

पहिली बाब खताची. नत्रयुक्त खताने पाने वाढतात. ताजे शेणखत, युरिया किंवा वरचेवर घातलेले खरकट्याचे खत यांमुळे झाड पानांतच गुंतते. छायाप्रिय झाडांची वाढ मुळातच संथ असल्याने त्यांची गरज कमी असते. कुंडी भरताना माती, गांडूळखत आणि कोकोपीट यांच्या भुसभुशीत मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड घालावी. वाढीच्या काळात बाजारात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, या प्रमाणात पंधरवड्यातून एकदा द्यावे. एवढे पुरते. वाढ थांबलेल्या महिन्यांत खत बंद ठेवावे.

दुसरी बाब कुंडीची. लहान झाड मोठ्या कुंडीत लावले, की मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. सावलीत बाष्पीभवन कमी असते आणि मुळे कुजतात. अनेक छायाप्रिय झाडे मुळांनी कुंडी भरल्यावरच फुलतात. होया, म्हणजे मेणासारख्या फुलांच्या घोसांची वेल, हे त्याचे उत्तम उदाहरण. या वेलीच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. तिचे घोस ज्या आखूड देठावर येतात, त्याच देठावर पुढील वर्षी पुन्हा फुले येतात. सुकलेला देठ नेटकेपणाने कापून टाकणारा माणूस नकळत पुढच्या वर्षीची फुलेच कापत असतो.

तिसरी बाब छाटणीची. डोंगराळ गावांतील बंगल्यांभोवती निळ्या-गुलाबी गेंदांनी बहरणारी हायड्रेंजिया मूळची जपानची. तिच्या नेहमीच्या जातींत पुढील हंगामाच्या कळ्या आदल्या हंगामातील फांद्यांच्या टोकांशी आधीच तयार झालेल्या असतात. हिवाळ्याच्या अखेरीस झाड सर्व बाजूंनी कापले, तर त्या वर्षी पानेच येतात. फुले ओसरताच छाटणी करावी, हा नियम. सोनटक्क्याचे तंत्र वेगळे आहे. त्याची एकदा फुललेली काडी पुन्हा फुलत नाही. ती बुडापासून काढल्यास नव्या कोंबांना जागा मिळते.

चौथी बाब विश्रांतीची. काही झाडांना फुलण्यापूर्वी कोरडा काळ लागतो. जुन्या वाड्यांच्या परसात आढळणारा भुईचाफा हिवाळ्यात पूर्णपणे लुप्त होतो. जमिनीत केवळ गड्डा उरतो. एप्रिल-मेमध्ये, पान फुटण्यापूर्वीच, त्याची जांभळट पांढरी सुगंधी फुले थेट मातीतून वर येतात. रिकामी दिसणारी कुंडी उलटी करून टाकणाऱ्यांनी भुईचाफा कितीतरी घरांतून असाच घालवला आहे. पांढऱ्या, सुवासिक फुलांची युकॅरिस लिली पानांनी सदाहरित असते. परंतु तिलाही तीन-चार आठवडे पाणी अगदी बेताने देऊन मग नेहमीप्रमाणे सुरू केले, की फुलांचे दांडे येतात. एरवी रोज पाणी घालणाऱ्या प्रेमळ हाताखाली ती वर्षानुवर्षे फुलत नाही.

पाचवी बाब रात्रीच्या लांबीची. अमेरिकेतील गार्नर आणि अॅलर्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका वाणावरील प्रयोगांतून दाखवून दिले, की काही वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी अखंड काळोखाचे महत्त्व सिद्ध केले. ब्राझीलच्या अरण्यात झाडांवर वाढणारा ख्रिसमस कॅक्टस याच गटातील आहे. त्याला कळ्या धरण्यासाठी सुमारे सहा आठवडे रोज बारा-चौदा तास सलग काळोख लागतो. बैठकीच्या खोलीत रात्री अकरापर्यंत दिवा जळत असेल किंवा बाल्कनीत रस्त्यावरील दिव्याचा झोत येत असेल, तर त्याची रात्र पुरी होत नाही. ऑक्टोबरपासून त्याला संध्याकाळनंतर न वापरल्या जाणाऱ्या खोलीत ठेवणे, हा साधा उपाय आहे.

रोपवाटिकेतील फुलोरा

घरी आणताना फुललेले झाड पुन्हा का फुलत नाही, याचे आणखी एक कारण रोपवाटिकेत सापडते. पांढऱ्या शिडासारखे फूल देणारे स्पॅथिफायलम, म्हणजेच पीस लिली, हे बाजारात सर्वत्र मिळणारे झाड. विक्रीच्या वेळी सर्व रोपे एकाच वेळी फुललेली असावीत, यासाठी व्यावसायिक उत्पादक त्यांवर जिबरेलिक आम्ल या संजीवकाची फवारणी करतात. त्यामुळे कोवळी रोपेही फुलतात. घरी आल्यावर त्या फवारणीचा परिणाम ओसरतो आणि झाडाला स्वतःच्या शिलकीवर फुलावे लागते. त्याला पुसट सावली पडेल एवढा उजेड मिळाला, तर ते पुढे वयात आल्यावर, बहुधा उन्हाळ्याच्या सुरुवातीस, आपणहून फुलते. मधला काळ झाडाच्या वयाचा आहे, हे ठाऊक असले, की निराशा येत नाही.

अँथुरियमचा हिशेब तर अधिकच सरळ आहे. वयात आलेल्या झाडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेतून एक फूल येते. नवे पान नाही, तर नवे फूल नाही. म्हणून त्याची पाने निरोगी राखणे, हवा दमट ठेवणे आणि दुपारचे ऊन टाळणे, एवढेच करावयाचे असते. मूळचे कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांतील हे झाड आज केरळ, कोडगू आणि मिझोराम येथे सावलीच्या जाळ्यांखाली व्यापारी तत्त्वावर घेतले जाते.

गावाप्रमाणे निवड

कोणते झाड आणावे, हा प्रश्न गावाच्या हवेवर सोपवावा. मुंबई, कोकण, गोवा, कोची यांसारख्या दमट किनारी भागांत अँथुरियम, पीस लिली, युकॅरिस, होया आणि पावसाळ्यातील टोरेनिया चांगली फुलतात. पुणे, नाशिक, बंगळुरू येथील सौम्य हवेत बिगोनिया आणि परदेशी तेरडा म्हणून मिळणारे इम्पेशन्स यांची त्यांत भर घालता येते. आपला गावठी तेरडा, कोकणात अनेक घरी गौर म्हणून पुजला जाणारा, पावसाळ्यातील विरळ सावलीत उत्तम येतो. त्याचा रंग तीन दिवसांचा, अशी म्हण असली, तरी रोपाला फुले कित्येक आठवडे येत राहतात. अबोलीला सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळाल्यास उरलेल्या दिवसाची सावली चालते.

दिल्ली, लखनौ, चंदीगड येथील उन्हाळा या नाजूक झाडांना कठीण जातो. तेथे हिवाळा हाच सावलीतील फुलांचा ऋतू मानावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले सिनेरारिया फेब्रुवारी-मार्चमध्ये निळ्या, जांभळ्या, गुलाबी फुलांनी भरून जाते आणि हंगामी फुलांमध्ये सावली मानवणाऱ्या मोजक्या झाडांत त्याची गणना होते. सिमला, दार्जिलिंग, उटी येथे हायड्रेंजिया, फुशिया, कंदवर्गीय बिगोनिया आणि क्लिव्हिया यांना लागणारा हिवाळ्याचा गारवा आपोआप मिळतो. हीच झाडे तेथून हौसेने मैदानी प्रदेशात आणल्यास बहुधा पानांवर समाधान मानावे लागते. गुवाहाटी किंवा शिलाँगला राहणाऱ्यांना ऑर्किडे सहज साधतात. ‘सीतेची वेणी’ म्हणून सह्याद्रीत ओळखले जाणारे ऑर्किड आसामात ‘कपौ फूल’ या नावाने राज्यपुष्पाचा मान मिळवून आहे. बिहूच्या वेळी तेथील स्त्रिया ते केसांत माळतात.

गुलाब, जास्वंद, झेंडू, मोगरा यांना मात्र पाच-सहा तास ऊन लागतेच. सावलीच्या बाल्कनीसाठी ती विकत घेणे म्हणजे दरवर्षी तोच खर्च पुन्हा करणे होय.

दिव्याखालची फुले

ज्या घरात खिडकीचा उजेड अगदीच अपुरा आहे, तेथे आफ्रिकन व्हायोलेट हे झाड निवडावे. १८९२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील, आजच्या टांझानियातील, उसांबारा डोंगराच्या परिसरात वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याला ते आढळले. ओल्या कपारींत वाढणारे हे वीतभर झाड कृत्रिम प्रकाशात आनंदाने फुलते. चार फुटी, २० वॅटची साधी पांढरी एलईडी नळी झाडांपासून सुमारे एक फूट उंचीवर टांगून रोज बारा तास लावल्यास महिन्याला अंदाजे सात युनिट वीज लागते. रात्री किमान आठ तास पूर्ण काळोख मात्र असू द्यावा. पाणी खोलीच्या तापमानाचे असावे आणि ते केसाळ पानांवर पडू देऊ नये, अन्यथा डाग पडतात.

दोन सूचना सर्वच घरांसाठी आहेत. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. पीस लिली आणि अँथुरियम यांच्या पानांत तोंडाला व घशाला दाह करणारे स्फटिक असतात, म्हणून रांगती मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून ती उंच ठेवावीत.

ब्रह्मकमळाची कुंडी

वरील सर्व बाबींचा पडताळा एकाच कुंडीत पाहावयाचा असेल, तर मराठी घरांत विशेष लोभ लाभलेले ‘ब्रह्मकमळ’ घ्यावे. खरे ब्रह्मकमळ हिमालयाच्या उंच कड्यांवर उगवते आणि ते उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. आपल्या बाल्कनीत मध्यरात्री उमलणारे झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील अरण्यात झाडांवर वाढणारे एक निवडुंग होय. त्याची ‘पाने’ ही वस्तुतः चपटी झालेली खोडे आहेत, म्हणून पानाला फूल येते, असा आभास होतो.

ज्यांच्या घरी ते फुलत नाही, त्यांनी प्रथम त्याचे वय मोजावे. लावलेल्या पानापासून फूल येण्यास साधारण दोन-तीन वर्षे लागतात. वय पूर्ण असेल, तर नव्या फुटीकडे पाहावे. रुंद पाने न येता केवळ लांबच लांब, बारीक काड्या येत असतील, तर प्रकाश कमी आहे. फेब्रुवारीच्या सुमारास कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशा जागी हलवावी. पाने गर्द आणि लुसलुशीत असूनही फूल नसेल, तर नत्र जास्त झाले आहे. खत दोन-तीन महिने थांबवावे. हिवाळ्यात माती वरून कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे आणि मार्चपासून ते वाढवावे. वारंवार मोठी कुंडी देऊ नये. जुनी पाने निरुपयोगी समजून छाटू नयेत, कारण कळ्या पक्व खोडांच्या कडांवरच येतात.

पावसाळ्याच्या आगेमागे कळी दिसू लागली, की कुंडी हलवणे किंवा फिरवणे कटाक्षाने टाळावे. माती पार सुकू देऊ नये. कळी गळते ती बहुतेक वेळा याच दोन कारणांनी. सुमारे तीन-चार आठवडे ती लांब होत जाते. प्रथम खाली झुकलेला तिचा देठ मग वर वळतो, आणि कळी फुगली, की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री ती उमलते. पहाटे ते फूल मान टाकते. एका रात्रीच्या या खर्चासाठी झाडाने कित्येक महिने शिल्लक टाकलेली असते.

एक छोटी वही

बागकामाच्या पुस्तकांतील सूचना सर्वसाधारण असतात. प्रत्येक घराची खिडकी मात्र वेगळी असते. म्हणून कुंड्यांसाठी एक छोटी वही ठेवावी. कुंडी कोठे ठेवली, हाताची सावली कशी पडली, ऊन किती वाजता आले आणि गेले, खत कधी दिले, पहिली कळी कधी दिसली, एवढ्याच नोंदी महिन्यातून एकदा कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जागा, खत आणि कुंडी एकदम बदलल्यास कशाने गुण आला, हे कधीच कळत नाही. वर्षभराने ती वही चाळली, की फूल कोठे अडले, याचे उत्तर बहुधा तिच्यातच सापडते.

नोकरीनिमित्त गावोगावी फिरणाऱ्या कुटुंबांना या वहीचा उपयोग अधिक आहे. नव्या शहरात, नव्या मजल्यावर सामान उतरल्यावर कुंड्या जागा मिळेल तेथे ठेवल्या जातात आणि तेथेच राहून जातात. त्याऐवजी पहिल्या निवांत दुपारी पांढरा कागद घेऊन घरभर हिंडावे, सावली कोठे पुसट आणि कोठे स्पष्ट पडते, ते पाहावे, आणि जुन्या घरात ज्या उजेडात झाड फुलले होते, तसाच उजेड शोधून कुंडी तेथे ठेवावी. मग शेजाऱ्यांना देण्यासाठी कुंडीऐवजी तिच्यातले एक पान पुरते.